जावयाची वाटी

९ फेब्रुवारी

छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस. आई बरी आहे, घर जागेवर आहे आणि मला काही मागायचं नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि नेमकं तेव्हाच तुझ्याकडे कोणीतरी दार वाजवतं. पत्र तुला असं मध्येच तोडता येणार नाही.

विचारायचं एवढंच आहे, की तुमच्या त्या नऊ देशांच्या मनात नक्की काय आहे?

काल साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून करार वाचून दाखवला. नऊ देशांचा समूह आणि आपला देश यांच्यात व्यापार आणि आर्थिक सहकार्य. 'सहकार्य' हा शब्द आला की साहेब मान वर करून आमच्याकडे बघायचे, जणू तो त्यांनीच घरून करून आणला होता. आपला मध तिकडे बिनजकात जाणार. बंदरावर पुन्हा तपासणी नाही, आपल्या चवघरात आम्ही चाखून मारलेला शिक्का पुरे. शिवाय चवघराला नवं छप्पर, नवं यंत्र आणि बसायला फिरत्या खुर्च्या. अट एकच. त्यांचे तीन चाखणारे इथे येतील, आम्हा तिघांच्या समोर बसून त्याच मधाच्या वाट्या चाखतील, आणि दोन्हीकडचं मत जुळलं तर चवघराला मान्यता.

मान्यता मिळाली नाही तर काय, ते साहेबांनी वाचलं नाही. मला ते पाठ आहे. पाच वर्षं तेच चाललंय. मधपाळांनी पिंपं भरून दलालाच्या दारात न्यायची, दलालाने त्यात साखरेचा पाक ओतायचा आणि भलत्याच नावाने विकायचा. या खेपेला चवघरालाही कुलूप लागेल, कारण तपासायला काही उरणारच नाही. मी, मावशी आणि तुझ्या जागी आलेला तो जाड भिंगांचा चष्मा, तिघंही घरी. मावशीला तर घरी बसायलाही घर नाही, ती अजून चवघराच्या मागच्या खोलीत राहते.

म्हणून विचारते. इतकं सगळं देऊन त्यांना काय मिळणार? खुर्च्या आल्यासुद्धा. प्रत्येकीच्या खाली एक आकडा चिकटवलाय. चष्मा म्हणतो, सामानाची मोजदाद असते ती. असेल. मी मात्र माझ्या जुन्या स्टुलावरच बसते.

कराराच्या शेवटी येणाऱ्या माणसांची नावं होती. 'समन्वयक' म्हणून तुझं. साहेबांनी ते जरा मोठ्यांदा वाचलं. मावशीला खोकला आला. मी नखं बघत बसले.

पाच वर्षांपूर्वी तिकडच्या बंदरावर आपल्या पिंपात पाक सापडला, तेव्हा ते पिंप उघडणाऱ्या प्रयोगशाळेत तू होतास. घरी एक ओळ कळवली नाहीस. त्या पिंपावर चाखून शिक्का मारला होता बाबांनी, आणि मध बंद झाल्याचं त्यांना वर्तमानपत्रातून कळलं. आता चवघर तपासायला येणाऱ्यांतही तूच. माझ्या जागी असतास तर तू काय समजला असतास?

उत्तर सविस्तर लिही. तुझं 'सगळं ठीक होईल' मला पुरत नाही.

ताई


२७ फेब्रुवारी

छोट्या,

सविस्तर लिही म्हटलं होतं, तर तू एका पानावर भागवलंस. त्यातही अर्धं पान समास.

तू लिहितोस, "बाबांची चव चुकली नव्हती. पिंप चवघरातून निघाल्यावर कोणीतरी उघडलं. हे मी तेव्हाच अहवालात लिहिलं होतं." अहवालात लिहिलंस, घरी नाही. अहवाल सरकारी कपाटात गेला आणि बाबा इथे खुर्चीत बसून राहिले. त्यानंतर त्यांनी मधाचा थेंब जिभेवर ठेवला नाही. शेवटी शेवटी दूध नासलंय का हेसुद्धा आईला विचारायचे. ते गेले तेव्हा तुला सुटी नव्हती, कागद अडले होते, वरिष्ठ बाहेरगावी होते. ऐकलंय सगळं. तेव्हा खरं मानलं नव्हतं, आताही मानत नाही.

पुढे म्हणतोस, चवघराची पद्धत लिहून पाठव, आमच्या लोकांना समजावून सांगता येईल. तुला माहीत नाही? तू तिथेच शिकलास. माझ्या हातचं लिखाण कशाला हवंय? पण नाही म्हटलं तर तिकडे जाऊन सांगशील की ताईने सहकार्य केलं नाही. म्हणून लिहिते. त्यांना वाचून दाखव.

आमच्याकडे मध वाटीत येतो. वाटी तळहातात धरून कोमट करायची, वास घ्यायचा, काडीने एक थेंब जिभेवर, मग थुंकायचं आणि कोमट पाणी. चाखताना बोलायचं नाही. वाट्यांच्या प्रत्येक ताटात एक वाटी खोटी असते, पाक घातलेली. ती वाटीवाले काका लपवतात. कुठली, ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नसतं. तिला आम्ही 'जावई' म्हणतो. हे नाव बाबांच्याही आधीचं आहे. ज्याने ठेवलं त्याला मुली असणार.

जावई सापडला की ती वाटी ताटातच पालथी घालायची. सापडला नाही तर ज्याने सोडला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पण चांगल्या मधाला जावई म्हटलं, तर चहावर भागत नाही. मग ती वाटी त्याने सगळ्यांसमोर बसून संपवायची, बोटाने पुसून. बाबा म्हणायचे, खोटा सुटला तर उद्या पुन्हा सापडेल. पण खऱ्याला एकदा घालवून दिलं की तो आपल्या दारात परत येत नाही.

तू दोनदा वाटी संपवलीस. दुसऱ्यांदा मुद्दाम चुकलास असा माझा अजून संशय आहे, तो मध फार चांगला होता. माझ्यावर ती पाळी कधीच आली नाही, हेही तुझ्या लोकांना सांग.

आणि तुझं शेवटचं वाक्य: "ताई, या परीक्षेत जावई नसेल. सगळ्या वाट्या खऱ्या असतील. प्रश्न फक्त मध कुठल्या फुलोऱ्याचा आणि कुठल्या प्रतीचा हे ओळखण्याचा आहे." हे वाक्य मी मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "जावई नाही म्हणून आधीच कळवतोय? मग नक्की आहे." मला तिच्याकडून ऐकायची गरज नव्हती.

ताई


१६ मार्च

छोट्या,

इथे रंगकाम चाललंय. साहेबांनी चवघराच्या भिंती पांढऱ्या करून घेतल्या. आठवडाभर त्या वासात कोणाला काही चाखता आलं नाही. सहकार्य म्हणतात ते हेच असावं.

तू गेस्ट हाऊसवर उतरणार हे मला साहेबांकडून कळलं. सख्खा भाऊ इतक्या वर्षांनी येणार आणि दोन गल्ल्या सोडून गेस्ट हाऊसवर. मग तुझं पत्र आलं की नियम आहे, मी तुझी बहीण आहे हे तू तुझ्या वरच्या बाईंना सांगितलंस, म्हणून निकाल लागेपर्यंत तुला चाखणाऱ्यांपैकी कोणाशी बोलता येणार नाही, वाट्यांपाशीही जाता येणार नाही. सांगितलंस ते बरं केलंस. पण तुला नियम नेहमी सोयीच्या वेळी सापडतात. आई म्हणाली, जेवायला तरी येऊ दे. मी म्हटलं, जेवणसुद्धा लाचेत धरतील. ती म्हणाली, "धरू देत, पोटभर तरी खाईल."

मागची खोली मी आवरून घेतली, चुना लावला, तुझा पलंग उन्हात टाकला. उंदीर फार झालेत म्हणून. गैरसमज नको.

तुमच्या करारातलं गोदाम उभं राहिलंय, ते बघशीलच. त्याला रस्ता हवा म्हणून नदीकाठची कडूझुडपं मुळासकट काढली. बाबांच्या माशा त्याच झुडपांवर जायच्या. बाबांच्या पेट्या तर मी ते गेल्यावर लगेच सुताराला देऊन टाकल्या होत्या, लाकूड चांगलं होतं, काहीतरी करेल म्हटलं. रोज खिडकीतून त्या दिसायच्या आणि मला ते नको होतं. तेव्हा तो मध आता जगात कुठे नाही. घशात मागे उरणारा तो कडवटपणा आणि भिजल्या लाकडाचा वास. बाहेरचे लोक तोंड वाकडं करायचे, बाबा म्हणायचे, करू देत, आपल्याला जास्त उरेल.

मावशीला आणि चष्म्याला मी बजावलंय, की डोळ्यांत तेल घालून बसा, हे लोक जावई आणणार. चष्मा म्हणाला, "पण ताई, तुमचा भाऊ नाही म्हणतोय ना?" मी त्याला म्हटलं, तुला भाऊ आहे का? नाही म्हणाला. मग गप्प बस म्हटलं.

ताई


२ एप्रिल

छोट्या,

निकाल अजून लागलेला नाही, म्हणजे तुला उत्तर देता येणार नाही. ठीक आहे, वाच.

तू पॅसेजमध्ये बाकावर बसला होतास. केस पांढरे झालेत. मी आत जाताना तू उभा राहिलास आणि पुन्हा बसलास. मी थांबले नाही. नियम तुझा होता.

तुझ्या वरच्या त्या उंच बाई चांगल्या वाटल्या. एवढ्यासाठीच मला त्यांची भीती वाटली. त्यांनी माझं स्टूल बघितलं, हसल्या, स्वतःची फिरती खुर्ची बाजूला करून दुसरं स्टूल मागवलं. त्यांचे चाखणारे समोर, आम्ही अलीकडे. वाटीवाल्या काकांना या वेळी आत सोडलं नाही, ताट त्यांच्याच माणसांनी लावलं. माझ्या मनात तिथेच पक्कं बसलं, की आता जावई कुठे ठेवलाय ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या वाट्या सोप्या होत्या. तेलबियांच्या फुलोऱ्याचा, डोंगरातला, एक जरा जुना. समोरच्यांचं जे मत पडायचं तेच आमचंही पडत होतं. साहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या पाठीला चुना लागला होता.

मग ती वाटी आली. तळहातात धरली आणि वास आला. भिजल्या लाकडाचा वास. थेंब जिभेवर ठेवला आणि घशात मागे तो कडवटपणा उतरला, हळूहळू, बाबांच्या मधाचा उतरायचा तसा. क्षणभर मला वाटलं, मागे वळले तर बाबा दिसतील.

पण मी मागे वळले नाही, मी विचार केला. झुडपं काढली, पेट्यांचं लाकूड झालं, तो मध आता असणं शक्य नाही. जो मध नाही त्याची चव वाटीत आली कुठून? कोणीतरी बनवून आणली. हल्ली काय बनवता येत नाही? आणि ही चव इथल्या लोकांना सोडून जगात एकाच माणसाला माहीत आहे. तो बाहेर बाकावर बसला होता.

मी वाटी पालथी घातली. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि तिचीही घातली. चष्मा थोडा थांबला, पण त्यानेही घातली. समोरच्या तिघांनी घातली नाही. ते आमच्याकडे बघत राहिले, आणि मध ताटात पसरला.

जावई पकडला, छोट्या. मला फसवायला तुला दुसरं काही सापडलं नाही? मला चुकवायचंच होतं तर साधा पाक घालायचास. बाबांची चव बनवून आणायची, हे तुला सुचलं कसं? ज्या दिवशी बाबांना न्यायचं होतं त्या दिवशी तू आला नाहीस, आणि आता त्यांना वाटीत घालून आलास.

तू दुसऱ्या दिवशी निघून गेलास. आईने डबा भरून ठेवला होता. तो मीच नेऊन देणार होते, पण म्हटलं, लाच नको.

ताई


२० एप्रिल

निकाल आला. तुला माहीतच असेल.

बाकी सगळ्या वाट्या जुळल्या. त्या एका वाटीपुढे लिहिलंय, की अस्सल मधाला या केंद्राने भेसळ ठरवलं. आणि तुमच्या नियमात भेसळ सुटली तर एक वेळ चालतं, पण अस्सलला भेसळ म्हटलं तर मान्यता नाही. बाबांचाच नियम, फक्त टाइप केलेला.

तो मध सुताराकडचा होता. मला खरं वाटलं नाही. सुतार स्वतः आला, ओट्यावर बसला, म्हणाला, "ताई, तुम्ही पेट्या लाकडासाठी दिल्यात, पण आत माशा होत्या. मला नाही तोडवल्या. पलीकडच्या काठावर नेऊन ठेवल्या, तिकडे अजून ती झुडपं आहेत." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात, पुन्हा नजरेसमोर नकोत." म्हणाले होते. आणि म्हणाला, छोटे दरवर्षी पत्राने पेट्यांची चौकशी करतात.

मला वाटलं, यालाही तू शिकवून पाठवलंय. म्हणून मी स्वतः नदी ओलांडून गेले. पेट्या आहेत. पहिल्या पेटीच्या झाकणावर बाबांनी तापलेल्या सळईने काढलेली खूण आहे, जरा तिरकी, काढताना तूच त्यांच्या हाताला धक्का दिला होतास. मी तिथे बराच वेळ उभी होते. एक माशी हातावर बसली आणि चावली नाही. मला त्याचाही राग आला.

निकालासोबत आलेलं तुझं पत्र मी घरी परतल्यावर उघडलं. चार ओळी. तू बाईंना आधीच सांगितलं होतंस की या पेट्या आमच्या वडिलांच्या, मध वेगळा आहे, खरा आहे, इथल्या चवघराला तो ओळखता यायला हवा. बाईंच्या माणसांनी तो मागवला, तू हात लावला नाहीस. आणि शेवटी: "मला वाटलं होतं, एक तरी वाटी तू डोळे मिटून ओळखशील."

ते वाक्य मी पुन्हा वाचलं नाही. एकदाच पुरलं.

आता पुढचं ऐक. साहेबांनी तक्रार तयार केली आहे. समन्वयकाने स्वतःच्या घरचा नमुना परीक्षेत येऊ दिला, चाखणारी त्याची बहीण, त्यामुळे परीक्षाच संशयास्पद, म्हणून नवी घ्यावी. साहेब म्हणतात, एवढ्यावर महिनाभरात नवी परीक्षा मिळते, आणि आपण पास होतो. चौकशी होईपर्यंत तुला कामावरून दूर ठेवतील. कदाचित कायमचंच. त्याखाली सही माझी हवी, कारण वाटी चाखली मी, फसले मी.

मावशी म्हणाली, "कर सही. तुझा भाऊ शिकलेला आहे, दुसरी नोकरी बघेल. मी दुसरी खोली कुठे बघू?"  चष्म्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि मग पुसतच राहिला.

आणि ही तक्रार खोटी आहे, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मागच्याच पत्रात मी यातलं प्रत्येक वाक्य स्वतःच्या हाताने तुला लिहिलंय.

बाई सुनावणीला परत येणार आहेत. मी अजून काही ठरवलेलं नाही. खरं म्हणजे हे पत्र तुला पाठवावं की नाही, तेही.

ताई


६ मे

छोट्या,

मागचं पत्रही यासोबतच येतंय. दोन्ही एकदम वाच.

सुनावणी गेल्या आठवड्यात झाली. चवघरातच, त्याच टेबलावर. बाई, त्यांचे ते तिघं, साहेब आणि आम्ही. साहेबांनी तक्रारीचा कागद माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं, टोपण काढून. मी म्हटलं, आधी ती वाटी आणा. साहेब म्हणाले, कुठली वाटी? मी म्हटलं, मी पालथी घातली ती.

सुताराकडून मी सकाळीच मध आणला होता. वाटीवाल्या काकांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी वाटी आणून माझ्यासमोर ठेवली, काठोकाठ. मी बाईंना म्हटलं, "हा मध आमच्या बाबांच्या पेट्यांचा आहे. त्या दिवशी मी तो ओळखला होता, वासालाच ओळखला. ओळखूनही खोटा म्हटलं, कारण तो माझ्या भावाकडून आलाय असं मला वाटलं. परीक्षेत काही संशयास्पद नव्हतं. जो काही संशय होता तो मी घरून आणला होता."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मावशी उठून बाहेर गेली. मला तिला थांबवता आलं नाही.

मग मी बसले आणि खायला लागले. इतका मध एकदम खाल्ला की जीव नकोसा होतो, तुला माहीत आहे. बाईंनी हळूच विचारलं, हे काय करताय? चष्मा म्हणाला, "आमचा नियम आहे मॅडम. खऱ्याला घालवून दिलं तर वाटी संपवायची." त्याने एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाई पेन खाली ठेवून बसल्या.  मी खात होते आणि रडत होते. हे तुला सांगते, कारण कोणीतरी सांगणारच. सुटे पैसे सापडावेत तसं सगळं एकेक करून आठवत होतं. बाबांनी पेट्यांना पाणी ठेवलेलं, तू झाडावर चढून बसलेला, आई खाली ये म्हणून ओरडणारी. शेवटी बोटाने पुसली वाटी. तळाशी काही ठेवलं नाही.

तक्रारीवर सही केली नाही. कागद साहेबांनी घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही, म्हणजे मला अजून त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. सवय जायला वेळ लागेल.

निर्णय असा झाला. मान्यता या हंगामाला नाही. पुढच्या फुलोऱ्यानंतर पुन्हा परीक्षा, तोवर चवघर चालू राहील, अर्ध्या पगारावर. म्हणजे यंदाचा सगळा मध पुन्हा दलालाच्या पिंपात. मधपाळ माझ्या दारावरून जाताना मान वळवून जातात. मावशीशी मी तीनदा बोलायला गेले, तिने दार उघडलं नाही. मला वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

मी चाखणाऱ्यांतून नाव काढून घेतलं. माझ्या स्टुलावर आता चष्मा बसतो. पहिल्याच दिवशी त्याने काकांना म्हटलं, ताटात जावई ठेवत राहा, पण बाबांच्या मधाची एक वाटीही रोज ठेवा, सगळ्यांना पाठ व्हायला हवी. पोरगा हुशार आहे. मी त्याला तसं सांगितलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी तू घरी कळवायला हवं होतंस, हे मी अजून म्हणते, आणि त्यावर आपण भांडणार आहोत. पण तू बाबांना खोटं ठरवलं नव्हतंस. आणि तुझ्या शब्दाला मी जावई समजले.

आता कामाचं. मी चाखणाऱ्यांपैकी कोणी नाही. म्हणजे तुझ्या नियमाप्रमाणे तुला माझ्याशी बोलायला हरकत नसावी, आणि पुढच्या परीक्षेला आलास तर गेस्ट हाऊसची गरज नाही. आईला मी तू येशील हे अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती आत्तापासून डबा भरायला लागेल.

मागची खोली तशीच आवरलेली आहे. उंदीर नव्हते रे घरात.

ताई